अभिमान अवकाशाचा, अभ्यासही अवकाशाचा

(वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)



२३ ऑगस्ट २०२३ या दिवशी सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी ‘विक्रम’ चंद्राच्या भूमीवर अलगद टेकला आणि सारा देश एका क्षणात एक झाला. इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर त्या वेळी एकाच समयी ऐंशी लाखांहून अधिक लोक ते दृश्य पाहत होते. दूरदर्शन संचांसमोर किती कोटी बसले होते, याची तर गणतीच नाही. शाळांमध्ये मुले उभी राहून टाळ्या वाजवत होती, चौकाचौकांत पेढे वाटले जात होते, कुणी कुणाला जात विचारली नाही की पक्ष विचारला नाही. राष्ट्र नावाची वस्तू नकाशावर नसते, ती माणसांच्या मनात असते, याचा असा प्रत्यय फार थोड्या प्रसंगी येतो.

त्या आनंदात कोणतेही न्यून नाही. परंतु आनंदाचा भर ओसरल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. त्या सायंकाळी टाळ्या वाजवणाऱ्या समाजाला नेमके काय घडले, ते ठाऊक होते काय? आजच्या विषयाचा गाभा एवढाच आहे. अवकाशाचा अभिमान घरोघर पोहोचला, अवकाशाचा अभ्यास घरोघर पोहोचला काय?

बातमी पोहोचली, विषय पोहोचला काय?

‘भारत चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर उतरला’ हे वाक्य आपण सर्वांनी शेकडो वेळा ऐकले आहे. वस्तुतः विक्रम उतरला तो चंद्राच्या सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर. तेथून प्रत्यक्ष ध्रुव सहाशे किलोमीटरहूनही अधिक दूर आहे. दक्षिण ध्रुवाच्या इतक्या जवळच्या प्रदेशात त्यापूर्वी कोणत्याही देशाचे यान अलगद उतरले नव्हते, हा पराक्रम खराच आहे आणि तो स्वयंपूर्ण आहे. त्याला आणखी सहाशे किलोमीटर पुढे ढकलण्याचे कारण नाही. काहींनी तर हे यान चंद्राच्या ‘अंधाऱ्या बाजूला’ उतरल्याचे सांगितले. यान उतरले ते पृथ्वीवरून दिसणाऱ्या बाजूलाच, आणि तेही तेथे नुकताच सूर्य उगवलेला असताना.

सूर्योदयाची ही वेळ शास्त्रज्ञांनी मुद्दाम साधली होती. चंद्रावरचा एक दिवस पृथ्वीवरच्या जवळजवळ चौदा दिवसांएवढा आणि तेवढीच दीर्घ रात्र. विक्रम आणि प्रज्ञान सौर ऊर्जेवर चालणारे. पहाटे उतरले तरच पूर्ण दिवस कामाला मिळणार. म्हणूनच त्यांचे आयुष्य चौदा दिवसांचे ठरवलेले होते, आणि तेवढ्या काळात त्यांनी नेमून दिलेले काम पार पाडले. प्रज्ञानवरील उपकरणांनी चंद्राच्या मातीत गंधक असल्याची प्रत्यक्ष जागेवर खात्री करून दिली. विक्रमवरील उष्णतामापकाने दाखवून दिले की पृष्ठभागावर पन्नास अंशांच्या आसपास तापमान असताना अवघे आठ सेंटिमीटर खाली ते शून्याच्याही खाली सुमारे दहा अंश गेलेले असते. चंद्राची माती उष्णता किती कमी वाहून नेते, हे यातून कळते. उद्या तेथे मानवी वस्ती उभारायची झाली, तर ही माहिती पायाच्या दगडाएवढी मोलाची ठरेल.

आणखी एक प्रश्न त्या काळात वारंवार विचारला गेला. अमेरिकेचे अपोलो यान चार दिवसांत चंद्रापाशी पोहोचले, मग आपल्याला उतरायला चाळीस दिवस का लागले? हा प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे होते. काहींच्या स्वरात कुत्सितपणा होता, काहींच्या स्वरात कुतूहल. दोघांनाही उत्तर एकच आहे. अपोलोला नेणारा अग्निबाण अवाढव्य होता, आपला त्या मानाने लहान. म्हणून आपल्या यानाने पृथ्वीभोवती लंबवर्तुळाकार फेऱ्या घेतल्या आणि प्रत्येक वेळी पृथ्वीच्या जवळ येताच आपले इंजिन थोडे चालवून पुढची फेरी अधिक लांब केली. अंगणातल्या झोक्यावर बसलेले मूल नेमक्या क्षणी थोडासा जोर लावत झोका उंच नेते, तसे हे आहे. बळ थोडे असले तरी वेळ अचूक साधल्याने काम होते. घरातल्या आठ वर्षांच्या नातवाला हे समजावून सांगता आले, तर त्याच्या मनात उमटणारा अभिमान पक्का असेल. एरवी तो फटाक्याच्या आवाजाएवढाच टिकतो.

प्रमाणपत्र नासाचे कशाला?

याच विषयाची दुसरी बाजू अधिक अवघड आहे आणि ती आपल्याच घरात बोलायला हवी. भ्रमणध्वनीवर दर आठवड्याला एखादा संदेश येतो की ‘नासाने मान्य केले आहे…’. पुढे आपल्या एखाद्या प्राचीन गोष्टीचे गुणगान असते. खाली ना तारीख, ना संशोधकाचे नाव. तरीही तो संदेश पुढच्या शंभर जणांना पाठवला जातो.

दिवाळीच्या सुमारास फिरणारे एक छायाचित्र सर्वांच्या परिचयाचे असेल. दिवाळीच्या रात्री अवकाशातून घेतलेले भारताचे चित्र म्हणून ते ओळखले जाते. त्यात निळे, हिरवे, तांबडे दिवे झळकत असतात. प्रत्यक्षात अमेरिकी हवामान उपग्रहांनी निरनिराळ्या वर्षी टिपलेल्या रात्रीच्या दिव्यांचे ते एकत्रित चित्र आहे. पांढरा रंग १९९२ पूर्वीच्या दिव्यांचा, निळा १९९२ चा, हिरवा १९९८ चा आणि तांबडा २००३ मध्ये दिसू लागलेल्या दिव्यांचा. म्हणजे दिवाळीशी त्याचा संबंध नाही, परंतु भारताशी मात्र निश्चित आहे. दहा-अकरा वर्षांत या देशातील किती खेडी प्रकाशात आली, किती नगरे पसरली, याची ती साक्ष आहे. खरी कथा खोट्या कथेपेक्षा कितीतरी सुंदर आहे. ती वाचण्याचे कष्ट मात्र घेतले पाहिजेत.

स्वत्वाचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाने आपल्या पूर्वजांच्या मोठेपणासाठी परक्याच्या प्रमाणपत्राकडे डोळे लावून बसावे, हीच मुळात आत्मविस्मृती आहे. त्यातही ते प्रमाणपत्र बनावट असेल, तर हानी दुहेरी होते. ज्या मुलाला पुढे खरी माहिती कळते, तो त्या एका संदेशाबरोबर आपल्या साऱ्या परंपरेवरचाच विश्वास गमावून बसतो. पूर्वजांची निंदा करणाऱ्यांनी जे साधले नाही, ते अशा भाबड्या स्तुतीने साधते.

परंपरा पडताळ्याची

आपल्या परंपरेला अशा उसनवारीची गरज नाही. इसवी सन ४९९ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी आर्यभटाने आपला ग्रंथ सिद्ध केला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून स्थिर तारे पश्चिमेकडे सरकताना दिसतात, हे त्याने नावेत बसलेल्या माणसाचा दाखला देऊन सांगितले. चंद्राच्या आणि पृथ्वीच्या सावलीमुळे ग्रहणे होतात, हे त्याने स्पष्ट केले. पुढे ब्रह्मगुप्ताने त्याच्या भूभ्रमणाच्या मतावर कठोर टीका केली. तरीही आर्यभटाचा ग्रंथ कुणी जाळला नाही की ब्रह्मगुप्ताला कुणी परंपराद्रोही ठरवले नाही. दोघेही आपलेच आचार्य म्हणून शिकवले गेले. मत मांडावे, त्याचे खंडन व्हावे, आकाशाकडे पाहून पुन्हा गणित करावे, ही या भूमीची रीत होती.

महाराष्ट्राने ही रीत इंग्रजी राजवटीतही सांभाळली. केरूनाना छत्रे यांनी नव्या वेधांच्या आधारे ग्रहगणिताची कोष्टके मराठीत आणली. त्यांचेच शिष्य लोकमान्य टिळक. पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह जुळत नसतील तर पंचांग सुधारले पाहिजे, हा आग्रह लोकमान्यांनी धरला. धर्माभिमानी पुरुषाने धर्मकृत्यांचे कोष्टक आकाशाला विचारून दुरुस्त करावे म्हणणे, यात त्यांना कुठलाही विरोध दिसला नाही. कोकणातल्या मुरूड गावचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक. त्यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास’ हा ग्रंथ मराठीत लिहिला आणि तो १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. हा ग्रंथ समजावा म्हणून परदेशी विद्वानांनाही मराठीची वाट धरावी लागली. मातृभाषेत शास्त्र सांगता येते का, असे विचारणाऱ्यांना शंभर वर्षांपूर्वीच उत्तर मिळालेले आहे.

अवकाश आणि खेड्यातली शाळा

स्वतंत्र भारताचा अवकाश कार्यक्रम सुरू झाला, तोही याच जाणिवेने. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा या मच्छीमारांच्या गावातून पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकी बनावटीचा होता. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त या गावाजवळून जाते, म्हणून ही जागा निवडली गेली. तेथे एक चर्च होते. बिशपांनी आपल्या लोकांना समजावले, गावकऱ्यांनी जागा दिली आणि त्या वास्तूत प्रयोगशाळा उभी राहिली. अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले जात होते. त्या पहिल्या पिढीत विक्रम साराभाईंच्या खांद्याला खांदा लावून एकनाथ चिटणीस, प्रमोद काळे, वसंत गोवारीकर अशी मराठी माणसे उभी होती. गोवारीकरांनी अग्निबाणाच्या घन इंधनाचे तंत्र देशात रुजवले आणि पुढे मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षपदही सांभाळले.

गरीब देशाला अवकाश कशाला, या प्रश्नाला साराभाईंनी कृतीने उत्तर द्यायचे ठरवले. साराभाई १९७१ मध्ये अकाली गेले, परंतु त्यांचे स्वप्न १९७५ मध्ये साकारले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेकडून काही काळासाठी मिळालेल्या एका उपग्रहाच्या साहाय्याने राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत थेट दूरदर्शन कार्यक्रम दाखवले गेले. ‘साईट’ या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. त्याची धुरा चिटणीसांनी वाहिली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीपासून बनवलेल्या तीन मीटर व्यासाच्या छत्र्या शाळांच्या आवारात उभ्या राहिल्या. जेथे वीज नव्हती, अशा काही गावांत संच बॅटरीवर चालवले गेले. सकाळी दीड तास शाळेतल्या मुलांसाठी, सायंकाळी अडीच तास शेती, आरोग्य आणि कुटुंब यांविषयी. कार्यक्रम त्या त्या प्रांताच्या भाषेत. सुटीच्या काळात सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षणही याच मार्गाने मिळाले.

महानगरांतील बहुसंख्य घरांत दूरदर्शन पोहोचलेले नसताना ते ओडिशाच्या खेड्यात पोहोचले, ही गोष्ट विसरता येणार नाही. रांगेतल्या शेवटच्या माणसाचा विचार प्रथम, हे तत्त्व आपण अंत्योदय या शब्दाने ओळखतो. भारतीय अवकाश कार्यक्रमाच्या पायाभरणीत ते प्रत्यक्ष उतरले होते. चिटणीसांनी वयाची शंभरी पाहिली आणि २०२५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. चंद्रावर उतरणाऱ्या यानाचे नाव ज्या घरांत पाठ आहे, त्यांपैकी किती घरांत त्यांचे नाव ठाऊक असेल?

अपयशाचा पाठ, नकाराचा पाठ

अवकाशाच्या शिक्षणात केवळ यशांची यादी पुरत नाही. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ हा पहिला स्वदेशी उपग्रह प्रक्षेपक बंगालच्या उपसागरात कोसळला. प्रकल्पाचे प्रमुख डॉ. अब्दुल कलाम होते. पत्रकारांसमोर मात्र इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली. १८ जुलै १९८० रोजी दुसरा प्रयत्न यशस्वी झाला, तेव्हा धवनांनी कलामांना सांगितले की आज पत्रकारांना तुम्ही सामोरे जा. नेतृत्व म्हणजे काय, हे कार्यकर्त्यांना सांगण्यासाठी याहून चांगला पाठ शोधूनही सापडणार नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रयान-२ चा लँडर चंद्रावर आदळला. त्यानंतर शास्त्रज्ञ दुःख करत बसले नाहीत आणि सबबी सांगतही बसले नाहीत. उतरण्यासाठीचे क्षेत्र आधी पाचशे मीटर लांब-रुंद होते, ते चार किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद असे विस्तारले. यानाचे पाय बळकट केले, इंधन वाढवले, पाच इंजिनांऐवजी चार ठेवली. काय काय चुकू शकते, याची यादी करून प्रत्येक चुकीला उत्तर तयार ठेवले. २०२३ चे यश या यादीचे फळ आहे. ज्या समाजाला अशी यादी करण्याची सवय लागते, तो पुढे जातो.

नकाराची कथाही अशीच उद्बोधक आहे. अतिशीत इंजिनाचे तंत्रज्ञान भारत रशियाकडून घेणार होता. मे १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रोवर आणि रशियन संस्थेवर दोन वर्षांचे निर्बंध लादले. १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यास नकार दिला आणि केवळ तयार इंजिने देण्याचे मान्य केले. उणे २५३ अंशांवरचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांवरचा द्रव ऑक्सिजन यांना शेजारी नांदवायचे आणि क्षणात त्यांची ज्वाला करायची, असे हे विलक्षण अवघड काम. एप्रिल २०१० मध्ये स्वदेशी इंजिनासह झालेले पहिले उड्डाण फसले. ५ जानेवारी २०१४ रोजी यश आले. आणि ३० जुलै २०२५ रोजी इतिहासाने एक वळण पूर्ण केले. अमेरिका आणि भारत यांनी मिळून बनवलेला ‘निसार’ हा पृथ्वीनिरीक्षक उपग्रह याच स्वदेशी अतिशीत इंजिनाच्या प्रक्षेपकाने श्रीहरिकोट्याहून कक्षेत नेला. जे इंजिन भारताला मिळू नये म्हणून ज्या देशाने आटापिटा केला, त्याच देशाचे रडार त्याच जातीच्या इंजिनाने वाहून नेले. स्वावलंबन म्हणजे जगाकडे पाठ फिरवणे नव्हे, बरोबरीच्या नात्याने जगाबरोबर काम करण्याची पात्रता मिळवणे, हा त्याचा अर्थ.

या साऱ्याचा सामान्य माणसाला लाभ काय, असे आजही विचारले जाते. १९९९ च्या चक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ त्याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा मृतांचा आकडा शंभराच्याही आत राहिला. उपग्रहांनी वेळीच दिशा दाखवली आणि प्रशासनाने लाखो लोकांना सुरक्षित स्थळी हलवले. अवकाशातला डोळा आणि जमिनीवरचा हात दोन्ही सिद्ध असतील तर काय घडते, ते तेथे दिसले.

आपल्या हाती काय आहे?

अवकाशशिक्षण हे शासनाचे किंवा इस्रोचे एकट्याचे काम नाही. डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजमधील मानाचे स्थान सोडून १९७२ मध्ये भारतात परतले. पुण्यात आयुका ही संस्था त्यांनी उभारली आणि तिच्या आवारात मुलांसाठी विज्ञान शोधिकाही सुरू झाली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला ते सांगत की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. मे २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या सर्वच मतांशी सर्वांचे जुळत असे नाही. परंतु स्वाक्षरीपेक्षा प्रश्नाला मोल देण्याची ती रीत प्रत्येक घराने उचलावी अशी आहे.

आपल्याकडे संस्कारवर्ग आहेत, अभ्यासिका आहेत, वाचनालये आहेत, गणेशोत्सव मंडळे आहेत. महिन्यातून एक रात्र मुलांना आकाशाखाली बसवायला दुर्बीण लागत नाही. सप्तर्षींवरून ध्रुव कसा शोधावा, नक्षत्रे म्हणजे काय, चैत्र महिन्याला चैत्र का म्हणतात, हे सांगता येते. चैत्रातल्या पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्राजवळ असतो, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला आपली कालगणना पाठ करावी लागत नाही. २ ऑगस्ट २०२७ रोजी सूर्यग्रहण आहे. भारताच्या बऱ्याच भागांतून ते खंडग्रास दिसेल. पावसाळी ढगांनी साथ दिली तर सुरक्षित चष्मे देऊन मुलांना ते दाखवावे. ज्याला स्नान-जप करायचा त्याने तोही जरूर करावा. परंतु दारे-खिडक्या लावून मुलांना घरात कोंडणे म्हणजे आर्यभटाला विसरणे होय.

शिवाय एक साधा नियम करावा. अवकाशाविषयीचा जो संदेश पडताळता येत नाही, तो पुढे पाठवायचा नाही. आणि जी बातमी खरी आहे, ती मुलांना मराठीत, ‘कसे’ आणि ‘का’ यांसह सांगायची. जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पोहोचणारे पहिले भारतीय ठरले, ही झाली बातमी. ते तेथे तरंगत होते ते गुरुत्वाकर्षण संपले म्हणून नव्हे, कारण त्या उंचीवरही पृथ्वीची ओढ जवळपास नव्वद टक्के शिल्लक असते. स्थानक आणि त्यातली माणसे एकत्रच पृथ्वीभोवती अखंड ‘पडत’ असतात, म्हणून वजन जाणवत नाही. हे झाले शिक्षण.

शेवटी जळगाव जिल्ह्यातल्या एका शिलालेखाचे स्मरण करू. चाळीसगावजवळच्या पाटण येथे इसवी सन १२०७ चा हा लेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. ‘सिद्धान्तशिरोमणी’कार भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून तेथे मठ स्थापला आणि त्या मठाला दाने मिळाली, असे तो सांगतो. चांगदेवांना आजोबांचा पुतळा उभारता आला असता, त्यांच्या नावाने उत्सव करता आला असता. त्यांनी शिकवण्याची सोय केली. भास्कराचार्यांचे नाव १९७९ मध्ये भारताच्या एका उपग्रहाला मिळाले आणि तो अवकाशात गेला. परंतु मधली शतके ते नाव जिवंत राहिले, ते पाठशाळांत ग्रंथ उघडून बसलेल्या गुरू-शिष्यांमुळे. चंद्रावर तिरंगा पोहोचवण्याचे काम शास्त्रज्ञांनी केले. पाटणच्या मठाचे काम मात्र आपल्या वाट्याला आलेले आहे, आणि ते आपल्या गल्लीतल्या वाचनालयापासून, आपल्या घरच्या गच्चीपासून सुरू होऊ शकते.